बीसीएम बदलण्याआधी पाणी शोधा: जुन्या एसयूव्हीसाठी सविस्तर मार्गदर्शक

आषाढातल्या एका संध्याकाळी कराडहून चिपळूणकडे निघालो होतो. कुंभार्ली घाटात पाऊस एवढा, की पुढच्या एसटीचे मागचे दिवेही पुसट दिसत होते, आणि नेमके तिथेच वायपर काचेच्या मध्यावर थांबले. दांडी वर-खाली करून पाहिली, काही नाही. अर्ध्या मिनिटाने ते आपले आपण सुरू झाले. पुढच्या वळणावर माझ्या बाजूची काच कुणी बटण न दाबता चार बोटं खाली आली. गाडी कडेला घेतली तेव्हा चारही इंडिकेटर लुकलुकत होते आणि हॅझार्डचं बटण मात्र बंद होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत सांगितलं, "दादा, बीसीएम गेलाय." बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, काचा-वायपर-दिवे चालवणारा डबा. त्याचं म्हणणं बरोबर होतं, मॉड्यूल खराब झालंच होतं. पण ते का खराब झालं, हे आम्हा दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. जुन्या बाजारातून तोच नंबर असलेलं मॉड्यूल आणलं, कोडिंग करून घेतलं, म्हणजे त्यात माझ्या गाडीची माहिती भरून घेतली, गाडी ठणठणीत झाली. गणपतीत पुन्हा तेच दुखणं. या खेपेला कराडच्या एका जुन्या वायरमन काकांकडे गेलो. त्यांनी पायाजवळचं पॅनल काढलं, टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला लावलं. वायरिंगच्या काळ्या टेपवरून पाण्याचा एक थेंब सावकाश सरकत येत होता आणि बरोबर कपलरच्या, म्हणजे वायरी डब्याला जोडणाऱ्या प्लगच्या, तोंडाशी येऊन थांबत होता. कपलर काढला तर आतल्या तीन पिना गंजून हिरव्यागार.

पुढे जे लिहिलं आहे ते त्या दुसऱ्या खेपेला शिकलो आणि नंतर मित्रांच्या गाड्यांवर वापरलं, त्यातून आलेलं आहे. साधारण दहा ते पंधरा वर्षं जुन्या, डॅशबोर्डखाली बीसीएम असलेल्या कोणत्याही एसयूव्हीला याचा बहुतेक भाग लागू पडेल. पिनांचे क्रमांक आणि वायरींचे रंग मात्र तुमच्याच गाडीच्या वायरिंगच्या नकाशातून घ्या. दुसऱ्या मॉडेलचा नकाशा बघून वायरीला हात लावू नका.

हा डबा करतो तरी काय

बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे इंजिन सोडून गाडीतल्या बाकी बऱ्याच विजेच्या कामांचा कारभारी. काचा, सेंट्रल लॉक, वायपर, इंडिकेटर, आतले दिवे, हॉर्न, बऱ्याच गाड्यांत हेडलाइटही. जुन्या काळी बटण दाबलं की करंट थेट मोटरला जायचा. आता बटण फक्त बीसीएमला निरोप देतं आणि बीसीएम आतला रिले किंवा ट्रान्झिस्टर चालू करून मोटरला करंट सोडतो. अनेक गाड्यांत किल्लीची चिप ओळखण्याचं, म्हणजे इमोबिलायझरचं कामही याच्याकडे असतं किंवा याच्यामार्फत होतं. म्हणून हा बिघडला की कधीकधी गाडी सेल्फच घेत नाही.

बाकीच्या मॉड्यूलांशी तो कॅन नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतो. बॉशने १९८६ साली जगापुढे आणलेली ही पद्धत आजही जवळपास प्रत्येक गाडीत आहे, आणि तिच्यावर एक साधं मोजमाप करून बरंच काही कळतं. त्याकडे पुढे येऊच.

डबा असतो कुठे? बहुधा चालकाच्या पायाजवळच्या बाजूच्या पॅनलमागे, स्टिअरिंगखाली, नाहीतर ग्लव्ह बॉक्सच्या मागे. काही गाड्यांत तो आतल्या फ्यूज बॉक्सलाच पाठीमागून चिकटलेला असतो. या सगळ्या जागा गाडीच्या खालच्या भागात येतात आणि गाडीत शिरलेलं पाणी खालीच येतं, हे ध्यानात ठेवा.

आधी बाकी सगळ्यांना तपासा

एकच गोष्ट बंद पडली असेल, समजा फक्त मागची डावी काच, तर बीसीएमचा विचारसुद्धा करू नका. दरवाजा आणि खांब यांच्यामधली रबरी नळी सरकवून आतल्या वायरी बघा. दरवाजा हजारो वेळा उघडून मिटून तिथली वायर वरून धड दिसते आणि आत तुटलेली असते. बोटाने हलकेच ओढली की रबरासारखी ताणली जाते, तीच तुटकी. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन-चार गोष्टी एकदम वेड्यासारख्या वागू लागल्या, तरच संशय बीसीएमवर किंवा त्याला मिळणाऱ्या पुरवठ्यावर जातो. यातला पुरवठाच बऱ्याचदा दोषी निघतो.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी, मग आधी चार्ज करा आणि पुन्हा निदानाला बसा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान हवं. कमकुवत बॅटरीवर मॉड्यूल विचित्र वागतात, बिघाडाचे खोटे कोड नोंदवतात, आणि त्या खोट्या कोडांवर विश्वास ठेवून माणसं नवे डबे विकत घेतात.

मग अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परतण्याची वाट. इथे ओहमवर मोजून समाधान मानू नका. बीसीएमचे कपलर लावलेलेच ठेवा, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर चालू करा, मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरं टोक कपलरच्या मागून बीसीएमच्या अर्थच्या पिनेला. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर अर्थच्या वाटेत कुठेतरी गंज आहे: बॅटरीचा मायनस जिथे बॉडीला बोल्टने बसतो तिथे, इंजिन आणि बॉडीमधल्या पट्टीवर, किंवा डॅशबोर्डखालच्या अर्थ बोल्टवर. कोकणातल्या गाड्यांत तर हे बोल्ट सगळ्यात आधी उघडून बघावेत. बोल्ट काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. एवढ्यावर बरा झालेला "गेलेला बीसीएम" मी स्वतः पाहिलेला आहे.

आता प्लसचा पुरवठा. वायरिंगच्या अनेक नकाशांत ३०, १५ आणि ३१ असे आकडे दिसतील. ३० म्हणजे कायमचा प्लस, १५ म्हणजे इग्निशन ऑन केल्यावर येणारा प्लस आणि ३१ म्हणजे अर्थ. बीसीएमला ३० च्या बहुधा एकापेक्षा जास्त वायरी असतात आणि प्रत्येकीला वेगळा फ्यूज असतो. वायपर आणि काचा मेल्या पण लॉक चालू, असं असेल तर डबा बरा असून त्यातली एकच फीड, म्हणजे पुरवठ्याची वायर, गेलेली असू शकते.

फीड मात्र मीटरने तपासू नका, २१ वॅटच्या इंडिकेटरच्या बल्बने तपासा. वायर गंजून तिची एकच तार शिल्लक राहिली असली तरी मीटर बिनधास्त १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब लख्ख पेटला तर फीड खरी, मिणमिणला तर वायर मेलेली. मात्र हा बल्ब फक्त जाड प्लस आणि अर्थच्या वायरींसाठी आहे. बटणांच्या, सेन्सरच्या किंवा कॅनच्या बारीक वायरीला तो लावलात तर धडधाकट मॉड्यूल तुमच्याच हाताने जळेल. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना तर बल्बही नाही आणि मीटरही नाही.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात. बीसीएमशी बोलायला त्या कंपनीच्या गाड्यांची बॉडी सिस्टिम उघडणारा स्कॅनर लागतो. तो नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून अर्ध्या तासाची तपासणी करून घ्या, ते पैसे वाया जात नाहीत.

यू०१४० हा कोड आला तर त्याचा अर्थ "बीसीएमशी संपर्क तुटला" एवढाच. बीसीएम मेला, असा नाही. त्याची फीड गेली, अर्थ गेला किंवा कॅनची वायर तुटली तरी हाच कोड येतो.

इथे कॅनचं मोजमाप कामाला येतं. बॅटरीचा मायनस काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधल्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही मिळून ६० ओहम दिसायला हवेत. १२० आले तर एका टोकाची वाट तुटली आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि गावाकडे उभ्या असणाऱ्या गाडीत हे काम बऱ्याचदा उंदरांचं असतं. काही गाड्यांत सॉकेट आणि बीसीएम वेगवेगळ्या जाळ्यांवर असतात, तेव्हा नकाशा बघूनच निष्कर्ष काढा.

शेवटचा पुरावा असा मिळतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात काचेचं बटण दाबून बघा. स्क्रीनवर "ऑफ"चं "ऑन" झालं, म्हणजे बटणाचा निरोप बीसीएमपर्यंत पोचतोय. मग स्कॅनरवरूनच काच चालवण्याचा हुकूम द्या आणि त्याच वेळी बीसीएमच्या त्या आउटपुट पिनेवर व्होल्टेज बघा. निरोप आत येतोय, फीड पक्की, अर्थ पक्का, तरी आउटपुट नाही, तर आता डबा दोषी म्हणायला हरकत नाही. आउटपुट येतंय आणि काच हलत नाही, तर मोटर किंवा वायर बघा.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर आणखी एक तपासणी. बॅटरीचा मायनस काढून त्यात मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर मालिकेत जोडा, दाराचं कुलूप पेचकसने बंद करून गाडीला दार लागल्याचं भासवा, किल्ली लांब ठेवा आणि पाऊण तास थांबा, कारण मॉड्यूल झोपायला, म्हणजे काम थांबवून किमान करंटवर यायला, वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. पाऊण तासाने साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत आकडा आला पाहिजे. ५०० दिसले तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातायत, ६० अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांत सेल्फ मारायला कुरकुरेल. कुठली वाट करंट पितेय हे शोधायला फ्यूज उपटू नका, उपटून परत लावला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलीव्होल्ट मोजा. ज्या फ्यूजवर आकडा दिसेल त्या वाटेने करंट जातोय.

डब्याला मारलं कोणी

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. इथे घाई केली की दुसरा डबाही त्याच वाटेने जातो.

जुन्या एसयूव्हीत पाणी शिरण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. बॉनेटच्या मागे, वायपरखाली जी प्लास्टिकची जाळी असते, तिच्या खाली पाणी वाहून जायला दोन्ही बाजूंना भोकं असतात. गाडी गुलमोहर किंवा कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर बारीक पानांचा लगदा होऊन ती भोकं बुजतात आणि पाणी तुंबून ब्लोअरच्या तोंडातून किंवा वायरिंगच्या रबरी बुशातून आत येतं. दुसरी वाट पुढच्या काचेची. काच बदललेली असेल आणि चिकटवण्याचा थर कोपऱ्यात पातळ लागला असेल, तर पाणी खांबाच्या आतून थेट पायाजवळ उतरतं. माझ्या गाडीत हीच वाट होती. तिसरी सनरूफच्या नळ्या, चौथी छतावरचा अँटेना आणि कॅरिअरचे बोल्ट. आणि पावसाशी संबंध नसलेली एक वाट: एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी चोंदली की ते पाणी गाडीच्या आत गळतं, तेही ऐन मे महिन्यात.

शोधायची पद्धत सोपी, पण धीराची. एक जण टॉर्च घेऊन आत वाकून बसेल, दुसरा बाहेरून बागेची नळी धरेल. प्रेशर वॉशर नको, त्याने जिथे गळती नाही तिथेही पाणी घुसतं. खालून सुरू करा आणि वर सरका, एका जागी दहा मिनिटं. आत कोरडे टिश्यू पेपर ठिकठिकाणी लावून ठेवा, पहिला थेंब पडला की डाग दिसतो. कार्पेट वरून कोरडं लागलं तरी फसू नका. त्याखालचा फोम मुठीत दाबा, पाणी गळलं तर ते आठवडे न आठवडे तिथेच आहे. गाडीत ओल्या गोणपाटासारखा वास येत असेल तर फोम भिजलेला आहे असंच धरा, सीट काढून कार्पेट उचला आणि उन्हात वाळवा.

पाण्याखेरीज इतर कारणंही आहेत. जंप स्टार्ट करताना उलट लावलेली केबल. बॅटरी न काढता केलेलं वेल्डिंग. बाहेरून बसवलेला हॉर्न, जास्त वॅटचे बल्ब किंवा रिमोट लॉकचं किट, ज्यासाठी कुणीतरी बीसीएमच्या आउटपुट वायरीला चिमटा मारलेला असतो. बीसीएमच्या आतला रिले ठरावीक करंटसाठी बनवलेला असतो, त्याच्यावर दुप्पट भार टाकला की त्याचे पॉइंट एकमेकांना चिकटतात. असे सगळे चिमटे शोधून काढा आणि मूळ वायर नीट जोडून घ्या. जामलेली काचेची किंवा वायपरची मोटरही जास्त करंट ओढून हेच करते, म्हणून मोटरचा करंट मोजून घ्या.

कोणता डबा घ्यायचा

तीन पर्याय असतात: जुनाच दुरुस्त करणं, वापरलेला आणणं, किंवा नवा.

दुरुस्ती सगळ्यात आधी विचारा, कारण दोष चिकटलेला रिले, तडकलेला टाका किंवा बोर्डवरचा थोडा गंज एवढाच असेल तर कुशल कारागीर तो दुरुस्त करतो आणि कोडिंगचा प्रश्नच उरत नाही. गाडीची सगळी माहिती त्याच चिपमध्ये शाबूत राहते. प्रोसेसरच्या पायांपर्यंत गंज पोचला असेल तर मात्र दुरुस्तीच्या मागे लागू नका.

वापरलेला घ्यायचा तर डब्यावरच्या स्टिकरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, शेवटच्या अक्षरासकट. एकाच गाडीच्या साध्या आणि वरच्या मॉडेलचा डबा दिसायला सारखा असतो, आत काम वेगळं. मुंबईत कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेच्या बाजारात जाताना जुना डबा किंवा त्याच्या स्टिकरचा स्वच्छ फोटो बरोबर न्या. बोर्डवर हिरवट डाग आहेत का ते बघा, ओलीचा वास येतो का तेही बघा, पुरात भिजलेल्या गाडीतला डबा नको. पक्की पावती घ्या. आणि विकत घेण्याआधीच कोडिंग करणाऱ्याला फोन करून एक प्रश्न विचारा: "हा वापरलेला डबा माझ्या गाडीत लिहिता येईल का?" काही मॉड्यूल पहिल्या गाडीचा चासी नंबर एकदा लिहिला की कुलूपबंद होतात. तेव्हा जुन्या डब्यातल्या मेमरी चिपची माहिती नव्यात उतरवावी लागते, आणि ते सगळ्यांना येत नाही. म्हणून जुना डबा काम संपेपर्यंत कुणालाही देऊ नका.

नवा सर्व्हिस सेंटरमधून मागवलात तर तो कोरा येतो. भाव विचारताना डब्याचा, कोडिंगचा आणि किल्ल्या जोडण्याचा असे तीन वेगळे आकडे मागा. गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर पुन्हा नोंदणीसाठी तिची तपासणी करून घ्यावी लागणार आहे, आणि त्यात दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर बघितले जातात. म्हणजे हा खर्च तसाही पुढे ढकलता येण्यासारखा नाही.

काढण्याआधीची तयारी

बीसीएम अजून थोडाफार बोलत असेल तर त्यातलं कॉन्फिगरेशन स्कॅनरने वाचून साठवून घ्या. मेल्यावर ते मिळत नाही. आरसीवरचा १७ अक्षरांचा चासी नंबर लिहून ठेवा. घरातल्या सगळ्या किल्ल्या आणा, कारण किल्ल्या नव्याने जोडताना जी हजर नसेल ती बऱ्याच गाड्यांत बाद होते. इमोबिलायझरचा पिन आणि म्युझिक सिस्टिमचा कोड जुन्या कागदपत्रांत शोधा. चालकाची काच पूर्ण खाली घ्या आणि बॉनेट उघडं ठेवा, बॅटरी काढल्यावर दारं लॉक झाली तर हात आत जायला वाट हवी.

काढणं आणि बसवणं

किल्ली काढा, दारं उघडी न ठेवता पंधरा मिनिटं गाडी झोपू द्या. दहाच्या पान्याने बॅटरीचा मायनस आधी काढा आणि टोक फडक्यात गुंडाळून बाजूला बांधा. त्यानंतर पुन्हा थांबा: एअरबॅगच्या युनिटमध्ये बॅटरी काढल्यावरही काही वेळ चार्ज राहतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली वेळ पाळा, मी दहा मिनिटांहून कमी कधी थांबत नाही.

पॅनल काढताना जुन्या प्लास्टिकचा विचार करा. दहा-बारा उन्हाळे खाल्लेल्या क्लिपा थंड सकाळी कडकन मोडतात. गाडी जरा उन्हात तापू द्या आणि लोखंडी पेचकसाऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरा.

डबा दिसला की हात लावण्याआधी चार बाजूंनी फोटो घ्या. प्रत्येक कपलरवर मास्किंग टेपचा तुकडा लावून नंबर टाका आणि डब्यावरही तोच नंबर. मग उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मोठ्या कपलरांना बहुधा लाल किंवा पिवळी सरकपट्टी असते, ती आधी बाहेर सरकवायची, मग दांडा पूर्ण फिरवायचा. दांडा फिरला की कपलर स्वतःहून वर येतो. येत नसेल तर कुलूप अजून लागलेलं आहे, वायरी धरून ओढू नका.

आता मोकळ्या कपलरकडे भिंग घेऊन बघा. हिरवी किंवा पांढरी पूड, मागे सरकलेली पिन, सैल झालेला टर्मिनल, करपून तपकिरी पडलेलं प्लास्टिक. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकं ओढा. थोडा हिरवेपणा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने जातो. पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा निघाला की तोच टर्मिनल आणखी लवकर गंजतो. वायरीचं आवरण मागे सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापा आणि नवं टर्मिनल लावा. माझ्या गाडीत त्या तीन वायरींना सात-आठ सेंटीमीटर आतपर्यंत काळं तांबं होतं. पहिल्या खेपेला आणलेला डबा याच वायरींना जोडला होता.

नवा डबा मूळ दिशेनेच बसवा. कंपनीने कपलरची तोंडं खाली ठेवली असतील तर त्यामागे पाण्याचा विचार आहे. कपलर "टक" आवाज येईपर्यंत दाबा आणि सरकपट्टी परत आत ढकला. वायरिंग अशी बांधा, की ती कपलरच्या पातळीखाली थोडी झोळ घेऊन मग वर कपलरात जाईल. चुकून पाणी आलंच तर ते झोळाच्या तळाशी ठिबकेल, कपलरात जाणार नाही. काकांनी हे एका प्लास्टिकच्या टायने केलं, दोन मिनिटांचं काम. पॅनल अजून बसवू नका. बॅटरीचा मायनस सगळ्यात शेवटी, लावताना बारीक ठिणगी उडते, ती नेहमीची आहे.

कोडिंग

इग्निशन ऑन करा, सेल्फ मारू नका. या घडीला बरंच काही बंद असेल आणि किल्लीची खूण लुकलुकत असेल. कोरा डबा अजून गाडीला ओळखत नाही, घाबरून जाऊ नका.

प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर डबा कायमचा निकामी होऊ शकतो. व्होल्टेज सगळा वेळ १३ च्या थोडं वर स्थिर राहावं यासाठी बॅटरी सपोर्ट युनिट वापरतात. साधा चार्जर त्याची जागा घेत नाही, त्याचा करंट पुरेसा स्वच्छ नसतो. जिथे मधेच वीज जायची भीती आहे तिथे मी दुसरी भरलेली बॅटरी जंपर केबलने समांतर जोडून ठेवतो, प्लसला प्लस, मायनसला मायनस, दोनदा बघून. ब्लोअर, दिवे, म्युझिक बंद. लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला. ओबीडीची केबल कुणाच्या पायात येणार नाही अशी, आणि काम संपेपर्यंत गाडीत कुणी चढायचं-उतरायचं नाही.

क्रम बहुतेक गाड्यांत असा राहतो: चासी नंबर आणि मॉडेलचं कॉन्फिगरेशन, मग ईसीएमशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या मॉड्यूलशी, इमोबिलायझरची जोडणी, मग किल्ल्या, मग रिमोट. कॉन्फिगरेशन चुकलं तर गाडी चालते, पण मागचा वायपर नाही, पाऊस सेन्सर नाही, असल्या तक्रारी राहतात, म्हणून आधी साठवलेली यादी समोर ठेवा. शेवटी सगळे जुने कोड पुसा, इग्निशन बंद-चालू करा आणि पुन्हा वाचा. त्यानंतर उगवलेला कोडच खरा. काचांची एका दाबात वर जाण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते. बहुधा काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की झालं.

पॅनल बंद करण्याआधी

एका माणसाला गाडीभोवती फिरवा आणि आत बसून एकेक गोष्ट चालवा: पार्किंग, लो, हाय, चारही इंडिकेटर, हॅझार्ड, ब्रेक लाइट, रिव्हर्स, हॉर्न, वायपरचे सगळे वेग, चारही काचा दोन्ही बटणांवरून, प्रत्येक दाराचं लॉक, प्रत्येक किल्लीने सेल्फ. इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकत असेल तर बल्ब बघा. एलईडी बल्ब कमी करंट घेतो आणि बीसीएमला वाटतं बल्ब गेलाय.

रात्री झोपेचा करंट पुन्हा मोजा, ५० मिलीअँपिअरच्या आत. सकाळी बॅटरीचं व्होल्टेज बघा.

मग परत नळी आणा. एक जण आत, टॉर्च आणि टिश्यू घेऊन, दुसरा बाहेर, काचेच्या कोपऱ्यापासून जाळीपर्यंत पुरा अर्धा तास पाणी. टिश्यू कोरडे राहिले, झोळाचा तळ बोटाला कोरडा लागला, की पॅनल लावा. कार्पेट त्यानंतरही दोन दिवस उन्हातच राहू द्या, फोम मुठीत दाबून हात कोरडा निघेपर्यंत बसवू नका.